सॅक्सोफोन बदला म्हणणारे

संध्याकाळी माझ्या टेलरिंगच्या दुकानात चार जण येऊन बसतात, आणि चहा आला की त्यातला एक तरी म्हणतोच, "दत्ता, बँडचं कायतरी सांग." मी सांगतो, ते हसतात. त्यांना वाटतं, असल्या गोष्टी माणूस गंमत म्हणून गोळा करतो. तसं नाही. जिथं तोंडावर बोलता आलं नाही, तिथली गोष्ट लक्षात राहते. बोलून मोकळं झालेलं सगळं मी विसरलोय. त्यामुळं आज सांगणार आहे त्यातलं बरंच हसण्यासारखं असलं, तरी मला अजून त्याचं हसू येत नाही.

मी मुरुमचा. एरवी शिलाई मशीन, लग्नसराईत बँड. बँडमध्ये मी सॅक्सोफोन वाजवतो. तो माझा नाही, रसूल मास्तरांचा. मास्तर आमचे सगळ्यांचे गुरू, आज पंच्याहत्तरीच्या पुढं. त्यांच्या वडिलांनी तो हैदराबादला पलटणीच्या बँडमधल्या एका रिटायर माणसाकडून आणला होता. वरचा चांदीचा मुलामा आता काळपट झालाय, पण भोंग्यावर परदेशी कंपनीचं नाव आणि भोवती कोरलेली वेल अजून दिसते. मास्तरांचे वरचे दात गेले तेव्हा त्यांनी वाजवणं सोडलं, कारण दाताशिवाय त्याची चोच तोंडात नीट धरता येत नाही. सॅक्सोफोनची पेटी माझ्याकडं देताना ते म्हणाले, "दत्ता, जपून वाजव असं म्या म्हनत न्हाय. वाजव, बास."

बँड मात्र युवराजचा. त्याच्या वडिलांनी काढलेला, ते वारल्यावर याच्याकडं आला. वय छत्तीस. त्यानं गाडी केली, गाडीवर स्पीकर चढवले, लाल-निळे लाइट लावले. आणि गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात आलं की हा काळा सॅक्सोफोन बँडची शोभा घालवतोय.

*

सुरुवात उमरग्याच्या एका लग्नात झाली. वरात निघालेली. व्हिडिओवाला उलटा चालत शूटिंग करत होता. मधेच त्यानं कॅमेरा खाली घेतला आणि मला म्हणाला, "काका, तुमी जरा मागं व्हा. ते पिवळं वाजवनारे फुडं घ्या."

पिवळं म्हणजे ट्रम्पेट. ट्रम्पेटवाला महादेव. आता महादेवला त्या दिवशी ताप होता. सकाळपासून त्यानं एक फुंकर मारली नव्हती. नुसता ओठाला लावून गाल फुगवत होता, आणि त्याचा भाग मीच वाजवत होतो. हे सगळं मी त्या व्हिडिओवाल्याला सांगणार तेवढ्यात युवराजनं माझ्या खांद्याला धरून मला मागं ओढलं.

महिन्याभरानं तो व्हिडिओ बघायला मिळाला. आवाज माझा आहे, गाल महादेवचे आहेत. नवऱ्याच्या मामानं बक्षीस दिलेलं शूटिंगमध्ये स्पष्ट दिसतं. ते गालाला दिलं.

*

उमरग्याहून परतताना त्या रात्री गाडीतच युवराज म्हणाला, "काका, नवीन घेऊ या. सोन्यासारखा चमकनारा. हे जुनं काय कामाचं?"

मला राग आला, पण खरं सांगायचं तर मनात एक शंकाही होती. खालचे सूर दोन वर्षांपासून नीट लागत नव्हते. मी जोर लावून काढत होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन मास्तरांकडं गेलो. त्यांना म्हटलं, "मास्तर, तुमीच सांगा. बदलायचा का?"

मास्तर म्हणाले, "बिगडलंय काय ते आदी सांग. दिसायचं सांगू नको."

त्यांनी नातीकडून पतंगाचा कागद मागवला. त्याच्या बारीक पट्ट्या फाडल्या. सॅक्सोफोनच्या प्रत्येक भोकावर एक झाकणी असते आणि झाकणीच्या आत कातड्याचं पॅड. मास्तर एकेका झाकणीखाली पट्टी सरकवायचे, झाकणी दाबायचे, आणि पट्टी ओढायचे. पट्टी अडली तर पॅड चांगलं. सुळकन बाहेर आली तर तिथून हवा गळते. तासभर त्यांचं हे चाललं होतं. मी नुसता बघत बसलो. शेवटी चटईवर सुळकन आलेल्या पट्ट्यांचा ढीग मोठा झाला.

"पॅड गेल्यात," मास्तर म्हणाले. "पॅड बदल. बाकी अंगाला हात लावू नको."

मला बरं वाटलं. आणि लगेच स्वतःचा राग आला. दोन वर्षं मी दम लागेपर्यंत फुंकत होतो, आणि एक पतंगाचा कागद फाडायची अक्कल मला झाली नव्हती.

*

पॅड बदलायला मी सोलापूरला एका वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पेटी उघडली, भोंगा उजेडात धरला आणि त्यावरचं नाव वाचलं. मग म्हणाला, "याचे पॅड आता मिळत न्हाईत. हे मोडीत काढा."

मी म्हटलं, "मोडीत?"

"तुमी लांबून आलाय म्हनून सांगतो. हे इथं ठेवा आन् हा नवा घेऊन जावा. वर काय देऊ नका." त्यानं भिंतीवरचा नवा कोरा पिवळा सॅक्सोफोन काढून माझ्यासमोर ठेवला.

मी टेलर आहे. गिऱ्हाईक जुना कोट आणून म्हणालं की हा टाकून द्या, तर मी टाकून देतो. पण जुन्या कोटाच्या बदल्यात मी कुणाला नवा कोट शिवून दिलेला नाही. मी म्हटलं, "विचार करतो," आणि पेटी बंद करायला लागलो. तर त्यानं पेटीवर हात ठेवला. "आता विचार कशाला? वस्तू मोडीतलीच हाय की."

"मग हात काढा," मी म्हटलं. "मोडीत निघालेल्या वस्तूवर एवढा हात कशाला ठेवता?"

त्यानं हात काढला. मी पायऱ्या उतरलो तेव्हा तो मागून म्हणाला, "काका, विकायचा झाला तर आदी माला फोन करा." मोडीतल्या मालासाठी फोन नंबर देणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

*

बातमी गावभर झाली. हायवेवरचा एक ढाबेवाला मुद्दाम दुकानात येऊन बसला. म्हणाला, "नवा घ्या तुमी. जुना आमच्या ढाब्यात भिंतीवर टांगतो. मस्त फोकस मारतो त्याच्यावर. खाली तुमचा फोटोबी लावतो."

मी विचारलं, "हार घालून का तसाच?"

तो गंभीरपणे म्हणाला, "तुमी म्हनाल तसं."

*

इकडं युवराजनं मला न विचारता एक नवा सॅक्सोफोन ट्रायलवर आणला. "एक लग्न वाजवून बगा काका, मग बोला." लग्न आळंदच्या बाजूला, कर्नाटकात. मे महिना, दुपारची वरात. पिवळा सॅक्सोफोन उन्हात असा चमकत होता की माझेच डोळे दिपत होते.

पहिलं गाणं निम्मं झालं आणि आत काहीतरी टिच्चकन वाजलं. वरच्या एका झाकणीची स्प्रिंग तुटली. झाकणी उघडीच राहिली. ती एक उघडी राहिली की खाली कितीही बोटं दाबा, सगळे सूर एकाच जागी येऊन किंचाळतात. मी युवराजला खूण केली. त्यानं अंगठा वर केला. त्याला वाटलं मी खूश आहे. मी ओरडून सांगितलं, पण गाडीवर कीबोर्ड आणि स्पीकर एवढ्या जोरात चालले होते की मला माझंच ऐकू आलं नाही.

मग मी फुंकायचं बंद केलं. नुसती बोटं हलवत राहिलो. म्हटलं, बघू कुणाला कळतंय का. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत, पाऊण तास, मी एक सूर काढला नाही.

कुणाला कळलं नाही.

मांडवाच्या दारात एक म्हातारे गृहस्थ पुढं आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "छलो बारिसिद्री." म्हणजे फार छान वाजवलंत. आणि युवराज पाणी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, आज तुमी लई भारी दिसलात."

मी तो सॅक्सोफोन त्याच्या हातात दिला. त्याला सांगितलं, "हे परत कर. मी परत याला तोंड लावनार न्हाय."

"बरं," युवराज म्हणाला. "मग जुनाच चमकवू."

तेव्हा मी त्या बोलण्याकडं लक्ष दिलं असतं तर पुढचं टळलं असतं.

*

जूनमध्ये बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आम्ही चार दिवस सोलापूरला होतो. घर बंद राहणार म्हणून सॅक्सोफोन बँडच्या खोलीत ठेवला होता. परत आलो तर युवराजचा निरोप, "काका, तासाभरात खोलीवर या."

गेलो. सगळा बँड जमलेला. मध्ये स्टूल, स्टुलावर टॉवेलनं झाकलेलं काहीतरी. युवराजनं टॉवेल ओढला.

सॅक्सोफोन सोनेरी झाला होता. बाजारात मोटरसायकलच्या टाक्या रंगवणारा एक पेंटर आहे, त्याच्याकडून स्प्रे मारून आणला होता. काही न उघडता, काही न झाकता, वरून खालपर्यंत. कोरलेली वेल रंगात बुजून गेली होती. पॅड पापडासारखी कडक झाली होती. झाकण्या होत्या तिथंच चिकटल्या होत्या. भोंग्याच्या आतल्या बाजूला पेंटरनं आपल्या दुकानाचं स्टिकर लावलं होतं.

"काका, बगा की," युवराज म्हणाला.

मी त्याच्या थोबाडीत मारली.

मी आयुष्यात स्वतःच्या पोरांवर हात उचलला नाही. आणि त्या दिवशी नऊ माणसांसमोर, बँडच्या मालकाच्या थोबाडीत. युवराजनं गालाला हातसुद्धा लावला नाही. एवढंच म्हणाला, "तुमच्यासाठीच केलं हुतं."

"माला विचारलं हुतंस का?" मी म्हटलं. "मास्तरांना विचारलं हुतंस? कुनाची वस्तू हाय ती?"

मी सॅक्सोफोन पेटीत घातला, पेटी उचलली आणि बँड सोडला.

*

मास्तरांना सांगायला मला दोन दिवस लागले. त्यांची नजर आता अंधूक आहे. त्यांनी सॅक्सोफोन मांडीवर घेतला, वरून बोटं फिरवली, नाकाला लावून वास घेतला. मला वाटलं, आता हे रडतील, नाहीतर युवराजच्या घरी जातील. मास्तर म्हणाले, "थिनर आन."

आठ दिवस दुपारी आम्ही तेच करत होतो. मी दुकानातल्या चिंध्या नेत होतो. जुना टूथब्रश, थिनर, चिंध्या. मास्तर वेलीच्या रेघेतून सुईनं रंग काढायचे. मी शेजारी बसून युवराजला शिव्या द्यायचो. मास्तर एक शब्द बोलायचे नाहीत, आणि त्यांच्या त्या गप्प बसण्याचाच मला जास्त संताप यायचा. शेवटी मी विचारलंच, "मास्तर, तुमाला राग येत न्हाय का?"

"येतो की," ते म्हणाले. "म्हनून तर घासायलोय."

मग मी एक गोष्ट केली, ती दुकानात बसणाऱ्यांना मी कधी सांगितली नाही. भोंग्याच्या बाजूला सगळ्यात मोठी झाकणी असते. एरवी ती उघडी असते, दाबून बंद केली की सगळ्यात खालचा सूर लागतो. ती रंगानं घट्ट चिकटली होती. मास्तर म्हणाले, "भिजू दे उद्यापर्यंत." मला थांबवेना. युवराजचा विचार करत करत मी स्क्रू-ड्रायव्हरनं रेटा दिला, आणि झाकणी हलवणारी काडी कट्कन मोडली.

ती काडी मी मोडली. युवराजनं नाही.

मास्तरांनी तुटका तुकडा शोधून रुमालात बांधला. म्हणाले, "सोनाराकडून डाख मारून जोडून घेऊ." सोनार आधी म्हणाला, दिवाळी होऊ द्या, आणि दिवाळी झाल्यावर म्हणाला, लग्नसराई संपू द्या, मग बघतो.

पॅड मी बाजारातल्या लिंबाजीकडून करून घेतली. लिंबाजी चपला शिवतो. सॅक्सोफोन त्यानं उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, "हे पायात घालायचं का तोंडात?" पण कातडं त्यानं शेळीचं, एकदम मऊ, हातानं तासून लावलं. मास्तरांनी पतंगाच्या कागदानं एकेक पॅड तपासलं. तीन परत करायला लावली. लिंबाजी म्हणाला, "आमच्या चपलेतनं पानी गेलं तर लोक बोलत न्हाईत, आन् तुमाला हवाबी जायला नको." तरी त्यानं केली. सोलापूरच्या दुकानात जे मिळत नव्हतं ते मुरुमच्या बाजारात फाटक्या छत्रीखाली मिळालं.

नवा घ्यायचा, चमकवायचा, भिंतीवर टांगायचा, सगळं तिथं संपलं. मोडलंय तेवढं नीट करायचं, एवढंच मी ठरवलं. पण वाजवायला माझ्याकडं बँड नव्हता, आणि खालचा सूर नव्हता.

*

डिसेंबरात युवराजच्या धाकट्या बहिणीचं, सुरेखाचं लग्न निघालं. आणि बँडच्या मालकानं स्वतःच्या बहिणीच्या लग्नात सोलापूरचा डीजे सांगितला. आमच्या बँडची पोरं पाव्हण्यांसारखी खुर्च्यांवर बसणार होती. मला पत्रिका आली. मी ती मशीनच्या खणात टाकली.

मास्तर म्हणाले, "माला जायचंय. तू गाडीवरून ने." मी न्यायला गेलो तर ते सॅक्सोफोनची पेटी मांडीवर घेऊन तयार बसले होते. मी म्हटलं, "हे कशाला?" ते म्हणाले, "घरी काय करायचंय त्याचं?"

लग्न लागलं, जेवणं झाली. डीजेनं मांडवाचे खांब हलवून सोडले. चारच्या सुमारास पाठवणीची वेळ झाली, तसं त्यानं एक रडकं गाणं लावलं, त्याच आवाजात. सुरेखाची आई, आमच्या रुक्मिणवैनी, पोरीला जवळ घेऊन उभ्या होत्या. पोरगी काय म्हणतेय ते त्यांना ऐकू येत नव्हतं. त्या तशाच डीजेच्या गाडीकडं चालत गेल्या आणि त्याला बंद करायला लावलं. मग आमच्या खुर्च्यांपाशी आल्या.

"मास्तर," वैनी म्हणाल्या, "या घराच्या दारात माला तुमी वाजवत आनलं हुतं. आज माजी लेक चाललीय, आन् तुमी खुर्चीवर बसून बगनार व्हय?"

मास्तर म्हणाले, "वैनी, माजे दात गेले. माजे दात आता याच्याकडं हायत." आणि माझ्याकडं बोट केलं.

मी म्हटलं, "खालची झाकणी मोडलीय. पाठवणीच्या चालीला खालचा सूर लागतो." हे खरं होतं. आणि मला वाजवायचं नव्हतं, हेही खरं होतं.

युवराज वैनींच्या मागंच उभा होता. फेटा बांधलेला, डोळे सुजलेले. जूनपासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. आताही तो माझ्याशी बोलला नाही. मास्तरांना विचारलं, "कुठली झाकनी?"

मास्तरांनी पेटी उघडली आणि दाखवली.

युवराजनं तिच्यावर अंगठा ठेवून दाबला. "अशी हातानं दाबली की हुतंय का?"

"हुतंय," मी म्हटलं. "पन ज्यावेळी सूर येतो त्याच वेळी दाबाय लागतंय. आदी न्हाय, मागनं न्हाय."

"वाजवा तुमी," युवराज म्हणाला.

मास्तरांनी शिकवलेली पाठवणीची चाल आहे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती पायऱ्या उतरल्यासारखी खाली येते आणि सगळ्यात खालच्या सुरावर टेकते. मी सुरू केली. पुढं सुरेखा आणि वैनी, मागं मी, आणि माझ्या बाजूला युवराज, कमरेत वाकून, एक हात भोंग्याला, अंगठा झाकणीवर, आडवा-आडवा चालत. फेटा सुटून त्याच्या खांद्यावर आला. पाव्हण्यांत कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "युवराज काय करायलाय ते?" त्यानं वर बघितलं नाही.

पहिल्यांदा सूर बरोबर लागला. मला वाटलं, योगायोग. दुसऱ्यांदा लागला. तिसऱ्यांदा मी त्याला चुकवायचंच ठरवलं. सूर आला तसा मी तो लांबवला, चालीत नाही इतका, छातीत हवा होती तोवर. त्यानं अंगठा धरून ठेवला. मी सोडला आणि त्याच क्षणी त्यानं उचलला. चौथ्यांदा मी उगाच थांबून, उशिरा खाली आलो. तो माझ्यासाठी थांबला होता.

मांडवापासून गाडीपर्यंत तो एकदाही चुकला नाही.

सुरेखा गाडीत बसली. वैनींनी काच वर करू दिली नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तशी चाल शेवटच्या सुरावर आली आणि संपली. मी सॅक्सोफोन तोंडातून काढला. मास्तर मागून चालत येत होते, लोक मांडवाकडं परतायला लागले होते.

युवराजनं अंगठा उचलला नव्हता.